चिमंगो : नांगरामागें चालणारा शिकारी पक्षी

शेतांत नांगर चालूं लागला म्हणजे बगळे, साळुंक्या व कोतवाल त्याच्या मागें कसे गोळा होतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु बहिरी ससाण्याच्या कुळांतील एक पक्षी नांगराच्या तासांतून कोंबडीप्रमाणें चालत किडे वेंचतो, असें कोणी म्हटल्यास पुष्कळांस नवल वाटेल. दक्षिण अमेरिकेंतील शेतकऱ्यास मात्र हें दृश्य नित्याचें आहे. या पक्ष्यास अर्जेंटिना देशांत चिमंगो व चिली देशांत तिऊके म्हणतात. अमुक पक्षी शेतीस उपकारक कीं अपायकारक, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नसतो. तो कसा सोडवावा हें शिकण्यास चिमंगोचें चरित्र फार उपयोगी असल्यामुळें तें येथें थोडक्यांत देत आहों.

ओळख.— चिमंगोची लांबी सुमारें ३७ ते ४३ सेंटिमीटर व वजन सुमारें ३०० ग्रॅम असतें. म्हणजे आपल्या घारीहून तो बराच लहान. रंग तपकिरी, खालचें अंग फिकट व शेपटीच्या मुळाशीं पांढरटपणा असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे पाय पिवळे, तर मादीचे करडे असतात. व्हिएयो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८१६ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. कुळ ससाण्याचें असलें तरी रीत निराळी आहे. ससाणा आकाशांतून झेप घेऊन उडता पक्षी मारतो. चिमंगोस तो वेग नाहीं, परंतु लांब पायांनीं जमिनीवर चालणें, उकरणें व शोधणें यांत तो तरबेज आहे. ससाणे स्वतः घरटें बांधीत नाहींत. चिमंगो काटक्या जमवून झाडावर, व झाड नसेल तेथें दलदलीच्या गवतांत जमिनीवरहि घरटें करतो. पुष्कळ जोडपीं एकाच ठिकाणीं जवळ जवळ घरटीं बांधतात. मादी बहुधा दोन किंवा तीन अंडीं घालते.

वस्ती.— पॅराग्वे, दक्षिण ब्राझील व उरुग्वे येथपासून अर्जेंटिना व चिली ओलांडून अगदीं दक्षिणेच्या तिएर्रा देल फुएगो बेटांपर्यंत हा आढळतो. कुरण, नांगरलेली जमीन, समुद्रकिनारा, शहराचा उकिरडा, यांपैकीं कोणतीहि जागा त्यास वर्ज्य नाहीं. मनुष्यानें रान मोडलें म्हणजे पुष्कळ शिकारी पक्षी मागें हटतात. हा उलट पुढें सरकतो.

आहार व बुद्धि.— याचें रहस्य त्याच्या आहारांत आहे. नाकतोडे, अळ्या, गांडुळें, बेडूक, उंदीर, दुसऱ्या पक्ष्यांचीं अंडीं व पिलें, किनाऱ्यावर पडलेले मासे, मेलेलीं जनावरें, घरांतील उष्टें, जें मिळेल तें त्यास चालतें. चार्लस डार्विन हा १८३२ ते १८३५ या काळांत त्या प्रदेशांत हिंडला. मेलेल्या जनावराच्या सांगाड्यापासून सर्वांच्या शेवटीं हलणारा पक्षी हाच, असें त्यानें नमूद केलें आहे. अलीकडे अर्जेंटिनांतील मार देल प्लाता येथील संशोधकांनीं पिंजऱ्यांतील चिमंगोंपुढें खाद्य ठेवलेली बंद पेटी मांडून पाहिली. दुसऱ्यानें ती उघडलेली ज्यांनीं पाहिली होती, त्यांना ती उघडणें सोपें गेलें. आणि प्रौढांपेक्षां तरुण पक्षी नव्या वस्तूस कमी बिचकले.

जमाखर्च.— आतां शेतकऱ्याच्या दृष्टीनें हिशेब पाहूं. जमेस काय आहे? जमिनींतील अळ्या, नाकतोडे व उंदीर यांचा नाश, आणि मेलेल्या जनावरांची विल्हेवाट. याचा निकटचा भाऊबंद, पिवळ्या डोक्याचा काराकारा, हा तर गुरांच्या अंगावर बसून गोचिड टिपतो. खर्चाच्या बाजूसहि रकमा आहेत. चिलोए बेटांत हा पक्षी नुकतेच लावलेले बटाटे उकरून पिकाची हानि करतो, असें डार्विनास तेथील लोकांनीं सांगितलें होतें. शिवाय पक्ष्यांच्या पिलांस त्याच्यापासून भय असतेंच.

अर्जेंटिनांत एक म्हण आहे : चिमंगोवर बंदुकीची दारू खर्चूं नये. क्षुल्लक गोष्टीवर शक्ति दवडूं नये, हा तिचा भावार्थ. पण शेतकऱ्यानें ती शब्दशः घेतली तरी लाभच होईल. बटाट्याची लावणी कांहीं दिवस राखली कीं नुकसान टळतें. परंतु पक्षी मारल्यास वर्षभर किडे खाणारा नोकर गेला.

दोन इशारे.— पहिला इशारा विषाचा. १९९५-९६ च्या उन्हाळ्यांत अर्जेंटिनाच्या पंपास मैदानांत नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस हें औषध फवारलें गेलें. उत्तर अमेरिकेंतून हिवाळा टाळण्यास येणारे स्वेन्सनचे बाज त्याच नाकतोड्यांवर ताव मारीत होते. ते हजारोंनीं मेले; एकंदर मृत्यु सुमारें २०,००० असावेत असा अंदाज करण्यांत आला. पुढें त्या देशानें या औषधावर बंदी घातली. शेतकऱ्याचें काम फुकट करणारा पक्षी शेतकऱ्याच्याच औषधानें मरावा, याहून तोट्याचा व्यवहार तो कोणता? या औषधाचें नांव आमच्या कापूस पिकविणाऱ्या वाचकांस अपरिचित नाहीं.

दुसरा इशारा उलट दिशेचा आहे. ईस्टर बेट चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरांवर आहे. तेथें हा पक्षी मुळांत नव्हता. १९२८ सालीं तो चिलींतून नेऊन सोडण्यांत आला. आज तो तेथें जागोजागीं दिसतो, आणि समुद्रपक्ष्यांच्या अंड्यांस व पिलांस त्याचा उपद्रव होतो. म्हणजे जो पक्षी स्वदेशांत शेताचा झाडूवाला, तोच परदेशांत आगंतुक चोर ठरला.

तात्पर्य.— पक्षी जातीनें चांगला किंवा वाईट नसतो. स्थळ, काळ व आपला व्यवहार यांवर त्याचें मोल ठरतें. म्हणून आपल्या शेतावर येणाऱ्या घारी, घुबडें व कापशी यांजविषयीं मत बनविण्यापूर्वीं वाचकांनीं एक हंगाम तरी लक्षपूर्वक पाहावें : पक्षी केव्हां येतो, काय उचलतो, घरट्याखालीं कशाचे अवशेष पडतात. एका मेलेल्या कोंबडीच्या पिलाबरोबर किती उंदीर गेले, हें मोजल्याशिवाय हिशेब पुरा होत नाहीं. आणि अपुऱ्या हिशेबावर शिक्षा करणें हें शहाण्या कुणब्याचें लक्षण नव्हे.