कर्नल बदलला आणि डिस्क रुसली!

हॉस्टेलमध्ये लिनक्स वापरणाऱ्यांना हा प्रसंग कधी ना कधी येतोच. रात्री अपडेट केलं, नवा कर्नल आला आणि सकाळी स्क्रीनवर 'आय/ओ एरर' नाहीतर थेट 'इमर्जन्सी मोड'. प्रोजेक्ट रिपोर्ट आत अडकलेला, सबमिशन दोन दिवसांवर. लगेच कोणीतरी सल्ला देतं, "फॉरमॅट मार, मोकळा हो!" असं अजिबात करू नका. आधी दोषी कोण ते शोधा : कर्नल की डिस्क?

कर्नल म्हणजे ओएसचा गाभा. डिस्कशी बोलणारे ड्रायव्हर त्याच्याकडेच असतात. २००७ साली फेडोरा ७ मध्ये आयडीई डिस्कचे ड्रायव्हर बदलले आणि 'एचडीए' या डिस्कचं नाव 'एसडीए' झालं. एफएसटॅब फाइलमध्ये जुनं नाव असलं, की पार्टिशन सापडायचं नाही. डिस्क मात्र ठणठणीत! डिसेंबर २०२३ चा प्रकार जास्त गंभीर होता. ६.१.६४ कर्नलमधल्या दोषामुळे ईएक्सटी४ वरचा डेटा बिघडण्याचा धोका निर्माण झाला. डेबियनने १२.३ आवृत्ती रोखून, दुरुस्त कर्नलसह १२.४ दिली. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच बेतलेलं आहे, म्हणजे ही गोष्ट लांबची नाही.

पण पुष्कळदा कर्नल निर्दोष असतो. अपग्रेडमध्ये एकदम बरंच लिखाण होतं, वर रीस्टार्ट. त्यामुळे डिस्कचं जुनं दुखणं तेव्हाच बाहेर पडतं. शिवाय परळीचं वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात असलं तरी लाइट जाते ती जातेच. यूपीएस नसेल तर लिखाण अर्धवट राहतं.

आता क्रमाने तपासू.

१. ग्रबच्या मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. एरर गेली तर संशय नव्या कर्नलवर. तशीच राहिली तर डिस्क, केबल किंवा पॉवर सप्लाय बघा.

२. मशीन चालू झाली, की सगळ्यात आधी रिपोर्ट आणि कोड पेनड्राइव्हवर घ्या. चालू होत नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून घ्या. दुरुस्ती नंतर.

३. 'डीमेसेज' कमांडने कर्नलचे संदेश वाचा. मग 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कची तब्येत बघा. 'पेंडिंग सेक्टर' किंवा 'रीअॅलोकेटेड सेक्टर'चा आकडा वाढत असेल तर डिस्क चालली! 'सीआरसी एरर' वाढत असतील तर बहुधा केबल सैल किंवा खराब असते. तीच आधी बदला.

४. 'बीएलकेआयडी'ने दिसणारे यूयूआयडी आणि एफएसटॅबमधले यूयूआयडी जुळतात का पाहा.

५. 'बूट' पार्टिशन भरलं असेल तर नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल अर्धवट बनते. जुने कर्नल काढा, पण चालणारा एक ठेवा. मग फाइल पुन्हा बनवा.

६. 'एफएससीके' माउंट केलेल्या पार्टिशनवर कधीच चालवू नका, असलेला डेटाही जाईल. लाइव्ह यूएसबीवरून, आधी 'एन' पर्याय देऊन नुसतं तपासा. डिस्कच मरत असेल तर आधी 'डीडीरेस्क्यू'ने तिची कॉपी काढा आणि दुरुस्ती त्या कॉपीवर करा.

डिस्क बाजारात नवी मिळते, वर्षभराचा प्रोजेक्ट मिळत नाही. म्हणून बॅकअप आजच घ्या, अपडेट उद्या करा!