उन्हाळ्यातले खाणे-पिणे : चवीने खा, तीन प्रश्न विचारून खा



आपले मोठे दिवस ऐन उन्हात येतात. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, पुढे वैशाखात बुद्ध पौर्णिमा. मिरवणूक, भोजनदान, खीरदान, लग्नसराई, पोरांच्या सुट्ट्या, घरात पाहुणे. त्याच दिवसांत जालना जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वस्तीत टँकरची वाट पाहावी लागते. मग कुणाच्या तरी घरी जुलाब-उलट्या सुरू होतात आणि सणासाठी जमवलेले पैसे दवाखान्यात जातात.

यावर "बाहेरचे काही खाऊ नका" एवढे सांगून भागत नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने लेकरांना घेऊन रसवंतीवर बसावे, कधी हॉटेलात जेवावे, यात गैर काहीच नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना हॉटेलात वेगळी कपबशी होती आणि पाणी वरून ओंजळीत ओतले जात होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. पुढे संविधानाच्या कलम १५ ने दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव यांच्या वापरात जातीवरून अडवणूक करण्यास मनाई केली. म्हणून हॉटेलच्या टेबलाशी मानाने बसणे ही आपल्यासाठी नुसती चैन नाही. पण पाण्याचा हक्क म्हणजे स्वच्छ पाण्याचा हक्क. तो मागताना लाजायचे कारण नाही.

त्यासाठी तीन प्रश्न पाठ करा. पाणी कुठले? बर्फ कुठला? शिजवून किती वेळ झाला?

पहिला प्रश्न : पाणी कुठले?

घरापासून सुरुवात करू. टँकरचे किंवा चार-आठ दिवस साठवलेले पाणी दिसायला स्वच्छ असले तरी पिण्याजोगे असेलच असे नाही. पिण्याचे पाणी उकळून गार करा, किंवा आशाताईंकडून क्लोरिनच्या गोळ्या घेऊन त्यावर लिहिल्याप्रमाणे वापरा. माठ दर दोन-तीन दिवसांनी आतून घासून धुवा. माठात हात किंवा पेला बुडवू नका. लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. लेकरांचे हात शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने धुवा.

जयंतीला आपण पाणपोई लावतो. ते पुण्याचे काम आहे, पण एकाच पेल्याने शंभर जण पाणी पितात आणि तो पेला पिंपातच बुडवतात. पिंपाला तोटी बसवा, झाकण ठेवा, आणि पाणी कुठून भरले हे मंडळातल्या एका माणसाकडे पक्के सोपवा.

हॉटेलात बसलात की पाणी कुठले ते विचारा. नीट उत्तर मिळाले नाही तर घरची बाटली काढा. वाफाळती भाजी, गरम भाकरी, समोर तळलेली भजी यांची भीती कमी. आधी चिरून ठेवलेला कांदा, पातळ चटणी आणि उघडे ताक यांत कच्चे पाणी असते. बिघडते ते तिथे.

दुसरा प्रश्न : बर्फ कुठला?

बर्फ म्हणजे गोठलेले पाणीच. गोठल्याने जंतू मरत नाहीत, बर्फ वितळला की ते पुन्हा कामाला लागतात. मासळी किंवा औषधे थंड ठेवण्यासाठी जो बर्फ बनतो तो खाण्यासाठी नसतो. तो ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून महाराष्ट्रात आहे. गोळ्याच्या किंवा सरबताच्या गाडीवर निळसर लादी दिसली, किंवा पोत्यात गुंडाळलेली लादी फरशीवर फोडताना दिसली, तर तिथून निघा.

उसाचा रस प्यायचा तर "बिनबर्फाचा द्या" म्हणा. ऊस धुतलेला आहे का, चरकावर माश्या आहेत का ते पाहा. टरबूज-खरबूज कापून ठेवलेले घेऊ नका. अख्खे आणा, वरून धुवा, घरी कापा आणि लगेच खा. जालन्याची मोसंबी आपल्या जिल्ह्याचे नाव लावून भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. ती सोलून फोडी खाल्ल्या तर गाडीवरच्या रसापेक्षा बऱ्या, कारण त्यात कुणाचे पाणी मिसळलेले नसते.

बाटलीतल्या कोल्ड्रिंकने तहान भागल्यासारखी वाटते, पण पाव लिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. मधुमेह असलेल्यांनी ते टाळावेच. उसाचा रस आणि गुळाचे पन्हेही त्यांनी पेलाभर पिऊ नये.

घरचे थंड

ज्वारीची आंबील ही मराठवाड्याची खरी उन्हाळी न्याहारी. दोन मोठे चमचे ज्वारीचे पीठ रात्री वाटीभर ताकात भिजवा. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ ढवळत सोडा आणि दहा मिनिटे शिजवा. गार झाल्यावर ताजे ताक, मीठ, जिरे आणि ठेचलेला लसूण घाला. स्टील कारखान्यात भट्टीजवळ काम करणारा माणूस किंवा उन्हात माती उचलणारी बाई हे पिऊन निघाली तर पोटात अन्न, पाणी आणि मीठ एकाच वेळी जाते. ज्वारीच्या कण्या ताकात कालवून खाल्ल्या तरी तेच काम होते.

कैरी उकडून तिचा गर, गूळ, मीठ आणि जिरे यांचे पन्हे करा. भाकरीसोबत कांदा, काकडी, कैरीचा तक्कू घ्या. शेवग्याच्या शेंगांची आमटी करा. आंबील-कण्यांना गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडणारे आजही भेटतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या समाजांच्या खाण्याची नोंद केली आहे. आपल्या ताटाची लाज वाटायचे कारण नाही.

दोन सूचना. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर मीठ-पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारा. आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नका. आईच्या दुधात त्याला पुरेल एवढे पाणी असते. आईने मात्र भरपूर प्यावे.

तिसरा प्रश्न : शिजवून किती वेळ झाला?

हा प्रश्न बुद्ध पौर्णिमेच्या खिरीसाठी फार महत्त्वाचा आहे. सुजाताच्या खिरीची आठवण म्हणून आपण खीरदान करतो. सकाळी सहाला शिजवलेली दुधाची खीर झाकून ठेवली आणि दुपारी बाराला वाटली, तर मधल्या सहा तासांत त्यात जंतू वाढतात. काही जंतू अन्नात असे विष सोडतात की खीर पुन्हा उकळली तरी ते जात नाही. वास आणि चवही बदलत नाही.

म्हणून खीर वाटपाच्या वेळेला धरून शिजवा. उन्हाळ्यात शिजवलेले अन्न तासाभरात, फार तर दोन तासांत संपवा, नाहीतर शेवटपर्यंत वाफ निघेल इतके गरम ठेवा. कार्यक्रम लांबला तर भाषणे थांबवून आधी वाटप करा. हाताला जखम किंवा फोड असलेल्या, जुलाब होत असलेल्या माणसाला वाढायला उभे करू नका. लग्नातला उरलेला मठ्ठा, भात, वरण दुसऱ्या दिवसासाठी बाहेर ठेवू नका.

एक पेय सोडायचे

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. उन्हाळ्यात त्याचे कारण शरीरही सांगते. दारूने लघवी जास्त होते, अंगातले पाणी निघून जाते, आणि चक्कर आली तरी नशेत ती कळत नाही. "थंड बिअर उतारा आहे" हा समज खोटा आहे. मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांना मंडळाने पाणी आणि लिंबू सरबत पुरवावे.

बिघडलेच तर

जुलाब लागले की बरेच जण "सलाईन लावा" असा आग्रह धरतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. तेच आजचे ओआरएस. रुग्णाला तोंडाने पिता येत असेल तर ते सलाईनचेच काम करते, आणि उपकेंद्रात, आशाताईंकडे फुकट मिळते.

एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच घाला, पेल्यात थोडे थोडे नको. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. केलेले पाणी चोवीस तासांत संपवा. लहान मुलांना सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्या लागतात. दुकानातल्या गोड डबाबंद पेयाला ओआरएस समजू नका. तसे नाव लावायला केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, शौचात रक्त आहे, किंवा घोटभरही पोटात टिकत नाही, तर थांबू नका, दवाखाना गाठा. उन्हात कुणी बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला तर सावलीत आणा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

महिला मंडळासाठी काम

येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा : पाणपोईच्या पिंपाची जबाबदारी कुणाची, खीर किती वाजता शिजणार व किती वाजता वाटणार, आणि विहारात ओआरएसची वीस पाकिटे कोण आणून ठेवणार. नावे लिहून भिंतीवर लावा.

नमो बुद्धाय, जय भीम.