विरजण लागलं तर

अगं, काल लोकलमधून फोन केलास आणि कामशेत गेल्यावर रेंजच गेली. माझं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून आता लिहितेय. चहा घेऊन बस.

पीसीआरमधला, डीएनए न घालता ठेवलेला निगेटिव्ह कंट्रोल पॉझिटिव्ह आला म्हणून पीएच.डी. सोडायची? खरं सांगू का, माझा सलग तीन आठवडे येत होता. सरांना सांगायची हिंमत नव्हती. रोज नवे प्रायमर, नवं पाणी, वर गणपतीला नवस. शेवटी एमएस्सीच्या एका पोरीनं विचारलं, "ताई, कालच्या नळ्या तुम्ही याच टेबलावर उघडता?" घ्या! दह्याच्या पातेल्यात दूध तापवत होते मी. पीसीआरच्या 30 फेऱ्यांत डीएनएच्या एका रेणूचे 100 कोटींवर होऊ शकतात. उघडलेल्या नळीतून उडालेला न दिसणारा थेंबही विरजणाला पुरतो गं. म्हणून मिक्स एका खोलीत, तयार प्रॉडक्ट दुसऱ्या खोलीत, आणि तिकडचा ॲप्रन घालून इकडे पाऊल टाकायचं नाही. फिल्टरवाल्या टिपा महाग पडतात म्हणून जीव खालीवर करू नकोस. काटकसर भाजीत कर.

आत्या विचारतात ना, "अजून किती शिकणार?" त्यांना म्हणावं, विषयच तसा आहे: एचएलएची, म्हणजे दाता जुळतो की नाही हे ठरवणारी, जनुकं अर्धी आईकडून येतात, अर्धी बाबांकडून. त्यामुळे अस्थिमज्जा द्यायची वेळ आली, तर सख्ख्या भावंडाशीही पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. यापुढे पत्रिकेतले छत्तीस गुण म्हणजे पोरखेळ! आत्या गप्प बसतील असं नाही, पण विषय तरी बदलेल.

आणि हो, मायलॅब कंपनीच्या मीनल दाखवे भोसलेंचं उदाहरण घरचे तुला उठसूट देतात, ते मला मुळीच आवडत नाही. कंपनीचा कारखाना लोणावळ्यात, आपल्या नांगरगावात, म्हणून सगळ्यांना जास्तच अभिमान. 18 मार्च 2020 ला त्यांनी कोविडच्या चाचणीचं किट तपासणीसाठी राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे (एनआयव्ही) दिलं आणि दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. बाळंतपणाच्या तोंडावर काम केलं म्हणून टाळ्या. पण बघ, सोबत दहा जणांची टीम होती, हे कुणी सांगतं का? एकच नमुना दहा वेळा तपासला तर दहाही वेळा उत्तर तेच यायला हवं, हा त्यांचा हट्ट होता. तू तेवढंच घे. मीनलताईंनीही ते एकटीनं केलं नव्हतं, मग तू का एकटी कुढत बसतेस?

सोमवारी सरांना स्पष्ट सांग, "कंट्रोल बिघडलाय, दोन आठवडे लागतील." चिडतील थोडे. चिडू देत.

त्याआधी रविवारी तळेगावला उतर. मी इंद्रायणीचा भात आणि पिठलं करते. तुझी ती वही आण, बिघडलेल्या रनची पानं फाडतेस ती. फाडलेली पानंही आण गं, डिंक आहे माझ्याकडे.