उत्तर कोणाचे?

(संगणकाला प्रश्न विचारला की क्षणात उत्तर मिळते. ते उत्तर कसे तयार होते आणि विद्यापीठात त्याचा वापर कसा करावा, हे या पाठात सांगितले आहे.)

पुढील वाक्य वाचा : 'पाऊस पडू लागला, म्हणून मी ....... उघडली.' रिकाम्या जागी कोणता शब्द येईल? 'छत्री', असे तुम्ही लगेच म्हणाल. अशी वाक्ये तुम्ही अनेकदा ऐकली आहेत, म्हणून हा शब्द तुम्हांला सुचला. पण मी खरोखरच छत्री उघडली का? ते तुम्हांला ठाऊक नाही. तुम्ही फक्त तेथे शोभेल असा शब्द सांगितला.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले. त्याचे काम काहीसे असेच चालते. अफाट मजकुरावरून ते शिकलेले असते. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, हे पाहत ते उत्तर रचत जाते. नवा मजकूर तयार करणाऱ्या अशा साधनांना 'जनरेटिव्ह एआय' म्हणतात. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता.

शोभणारे उत्तर नेहमी खरे असतेच असे नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी काही जुन्या खटल्यांचे दाखले दिले. पडताळणी केली, तेव्हा त्यांतील सहा खटले कधी झालेच नव्हते! ते चॅटजीपीटीने रचले होते. गंमत अशी, की 'हा खटला खरा आहे ना?' असे वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारले होते आणि त्याने 'हो' म्हटले होते. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. दंड यंत्राला झाला नाही, माणसांना झाला.

विद्यापीठात निबंध लिहितानाही पुस्तकांचे व लेखांचे दाखले द्यावे लागतात. म्हणून तेथेही हाच धोका आहे. मग एआयवर बंदी घालावी का? जुलै २०२३ मध्ये ब्रिटनमधील २४ विद्यापीठांच्या 'रसेल ग्रुप'ने पाच तत्त्वे जाहीर केली. एआयचा योग्य वापर विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांनाही शिकवावा, असे त्यांत म्हटले आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाने परीक्षेच्या कामाचे दोन प्रकार केले. एका प्रकारात विद्यार्थ्याला काय येते, हे देखरेखीखाली तपासतात. दुसऱ्या प्रकारात एआयची मदत घेता येते, पण ती कोठे घेतली हे सांगावे लागते.

आता एक गोष्ट लक्ष देऊन वाचा. ती तुमच्या-माझ्यासारख्यांची आहे. निबंध माणसाने लिहिला की यंत्राने, हे ओळखणारी साधनेही निघाली आहेत. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात साधने तपासली. मातृभाषा इंग्रजी नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले ९१ इंग्रजी निबंध त्यांनी साधनांना दिले. साधनांनी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले! अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सर्व बरोबर ओळखले.

असे का झाले? दुसरी भाषा शिकणारा साधे, ओळखीचे शब्द वापरतो. 'छत्री'च लिहितो. साधनाला वाटते, एवढा अपेक्षित शब्द यंत्रानेच लिहिला असणार. म्हणजे प्रामाणिक विद्यार्थीच चोर ठरतो. म्हणून अध्यापकांनी केवळ अशा साधनाच्या सांगण्यावरून कोणाला दोषी ठरवू नये. विद्यार्थ्याला समोर बसवावे आणि त्याच्या निबंधाविषयी विचारावे.

उद्या तुम्हीही महाविद्यालयात जाल. तेव्हा काही सवयी अंगी बाणवा. आधी स्वतः विचार करा, मग यंत्राला विचारा. त्याने दिलेला प्रत्येक दाखला मूळ पुस्तकात शोधा. मदत घेतली असेल, तर मोकळेपणाने सांगा. आपले कच्चे टिपण जपून ठेवा. खोटा आळ आल्यास तेच तुमचा पुरावा होईल. आपली किंवा दुसऱ्याची खासगी माहिती यंत्राला देऊ नका.

मराठीत लिहिताना तुमच्या चुका होतील. होऊ द्या. चूक केली, खोडली, पुन्हा लिहिले, की भाषा येते. यंत्राकडून बिनचूक निबंध आणला, तर वही भरेल. पण शिकायचे राहून जाईल. जे उत्तर तुम्ही वर्गात उभे राहून, वही न उघडता समजावून सांगू शकाल, तेच तुमचे उत्तर.

शब्दार्थ
दाखला – हवाला, मिसाल
पडताळणी – जाँच
देखरेख – निगरानी
मातृभाषा – मादरी ज़बान
आळ – इल्ज़ाम
पुरावा – सबूत
अंगी बाणवणे – सवय लावून घेणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चॅटजीपीटी सर्वांसाठी केव्हा खुले झाले?
(आ) न्यूयॉर्कच्या न्यायालयाने किती दंड केला?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) एआयने दिलेला दाखला मूळ पुस्तकात शोधावा.
(आ) दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांचे निबंध साधनांनी यंत्राचे ठरवले.
प्र. ३. 'कच्चे टिपण जपून ठेवा', असे लेखिका का म्हणतात? तुमच्या शब्दांत लिहा.
प्र. ४. 'पावसाचा एक दिवस' या विषयावर कोणाचीही मदत न घेता आठ ओळी लिहा व वर्गात सांगा.