शाळेचे गणित आणि बाजाराचे गणित

पट्टीवरील शून्याच्या खुणेपाशी पेन्सिलीचे टोक ठेवून तिची लांबी विचारली, तर बहुतेक मुले ती बिनचूक सांगतात. तीच पेन्सिल थोडी पुढे सरकवून एक टोक २ च्या व दुसरे ८ च्या खुणेवर आणले की अनेकांचा गोंधळ उडतो. 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींना असाच प्रश्न विचारण्यात आला होता. मोजणी शून्यापासून असताना सुमारे ८५ टक्के जणांनी लांबी बरोबर सांगितली. वस्तू सरकवताच हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास आले. प्राथमिक शाळेची पायरी केव्हाच ओलांडलेली ही मुले पट्टीवरचा आकडा वाचण्यास शिकली होती. परंतु लांबी म्हणजे दोन खुणांमधील अंतर, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

याच मालिकेतील २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात इयत्ता पाचवीतील ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.६ टक्के होते. सुधारणा आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि पाचवीतील दर दहांपैकी सुमारे सात मुले या पायरीच्या अलीकडेच थांबलेली आहेत.

मुलांना आकडेमोडीची बुद्धीच नसते, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येत नाही. नोबेल पारितोषिकाचे मानकरी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या सुमारे १,४०० मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. भाजीच्या गाड्यावर बसणारी ही मुले पाऊण किलो, आठशे ग्रॅम अशा वजनांची किंमत व परत द्यावयाचे पैसे कागद-पेन्सिलीवाचून सांगत. तीच आकडेमोड शाळेच्या रीतीने मांडून समोर ठेवली की त्यांतील बहुतेक अडखळत. उलट शाळेत नियमित जाणाऱ्या मुलांना मांडलेली उदाहरणे जमत. बाजारातील हिशोब मात्र अगदी थोड्यांनाच साधत असे. दोन्हीकडे गणित होते, पण एका काठावरून दुसऱ्या काठावर नेणारा साकव कोणी घातला नव्हता. तो घालण्याचे काम शिक्षकाचे आहे.

चुकीच्या उत्तराची चौकशी

५२ मधून १७ वजा करावयास सांगितले असता ४५ हे उत्तर अनेक वह्यांत आढळते. शिक्षक त्यावर लाल फुली मारतात, शेजारी ३५ लिहितात आणि पुढील वहीकडे वळतात. वास्तविक या ४५ मध्ये एक नियम दडलेला असतो. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून मुलाने ७ मधून २ वजा केले. ५ मधून १ वजा केला. मोठ्या अंकातून लहान अंक काढावयाचा, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली आणि ती प्रामाणिकपणे पाळली. "हे उत्तर कसे काढलेस?" एवढे विचारले तर ही समजूत उघडी पडते. न विचारल्यास तोच नियम तीन अंकी वजाबाकीत आणि पुढे दशांश अपूर्णांकांतही शिरतो.

अशा मुलापुढे दहाच्या पाच नोटा व एक रुपयाची दोन नाणी ठेवावीत आणि १७ रुपये मागावेत. दोन नाण्यांतून सात देता येत नाहीत, हे त्याला तत्काळ दिसते. तो एक नोट मोडून मागतो. 'हातचा घेणे' म्हणून जे फळ्यावर शिकविले जाते ते हेच होय. नोटा नसल्यास दहा-दहा काड्यांचे गठ्ठे चालतात. वजाबाकी करण्यापूर्वी "उत्तर तिसाच्या वर येईल की चाळिसाच्या?" असे विचारण्याची सवय लावली, तर ४५ हा आकडा मुलाला स्वतःलाच खटकेल. अदमास घेणे म्हणजे अचूकतेशी तडजोड, असा एक समज शाळांत आढळतो. तो सोडून द्यावा.

मराठीतील संख्यानामांचीही एक अडचण आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी; 'एकोणतीस' मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहावयाचे असतात २९. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस पाच' अशा वाचनाची जोड दिली गेली, तेव्हा राज्यभर वाद झाला. वादात भाषेच्या भवितव्यावर पुष्कळ बोलले गेले. दुसरीतले मूल ५२ ऐकून २५ का लिहिते, यावर त्या मानाने थोडे.

पूर्वीच्या पाठांतराची आठवण अशा वेळी हमखास निघते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही कोष्टके त्या काळच्या बाजाराशी घट्ट जुळलेली होती; रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते. १९५७ पासून दशमान नाणी व त्यापाठोपाठ मेट्रिक वजने आली आणि तो आधार गेला. पाव, दीड, अडीच हे शब्द राहिले. पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम आणि ०.२५ किलो, हा सांधा आता वर्गात जुळवून द्यावा लागतो.

गावाचे हिशोब

गणित कच्चे राहिल्याची किंमत परीक्षेतील गुणांपुरती मर्यादित राहत नाही. खाजगी सावकार 'शेकडा तीन' म्हणतो, तेव्हा तो दर महिन्याचा असतो. २०,००० रुपयांवर महिन्याला ६०० रुपये ही रक्कम फार वाटत नाही. मुद्दल तसेच राहिले तर वर्षाचे व्याज ७,२०० रुपये, म्हणजे ३६ टक्के होते. बचत गटाकडून तीच रक्कम शेकडा एक दराने मिळाल्यास वर्षाला २,४०० रुपये पडतात. 'तीन' आणि 'छत्तीस' यांतील नाते ज्याला दिसत नाही, तो बँकेच्या बारा टक्क्यांना घाबरतो आणि सावकाराच्या तिनांना होकार देतो.

ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती उपस्थिती लागते. ५४० मतदारांच्या गावात ८१ आणि ९०० मतदारांच्या गावात १०० हे किती सदस्यांना जागच्या जागी सांगता येईल?

निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाले, ते इयत्ता तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन व पायाभूत गणित यावे यासाठी. त्यासाठी लागणारे साहित्य पुष्कळदा शाळेच्या स्वयंपाकघरातच असते. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण आहे. खालच्या वर्गांत ३८ आणि वरच्या वर्गांत २६ मुले हजर असतील, तर तांदूळ किती काढावा? खालच्यांना ३ किलो ८०० ग्रॅम आणि वरच्यांना ३ किलो ९०० ग्रॅम. मुले कमी असूनही तांदूळ अधिक का लागला, यावर अर्धा तास सहज जातो आणि तो वाया जात नाही. आधी अदमास, मग वहीतील आकडेमोड, मग प्रत्यक्ष काट्यावर वजन. वही व काटा यांत अंतर पडले, तर ते का पडले हे शोधण्याचे कामही मुलांकडेच सोपवावे.