सरासरीची फोड

बी.आर्क.च्या पाच वर्षांची, दहा सत्रांची सरासरी मनासारखी नसली की अमेरिकेत एम.आर्क.साठी अर्ज करू पाहणाऱ्याला दोन टोकांचे सल्ले मिळतात. ‘पोर्टफोलिओ चांगला असला की मार्क कोणी बघत नाही,’ हा एक. ‘एवढ्या मार्कांवर कशाला पैसे घालवतोस,’ हा दुसरा. कमी गुण घेऊन या वाटेने गेल्यावर माझं मत असं झालं आहे, की दोन्ही सल्ल्यांत खोट एकच आहे. दोघंही सरासरीला एकजीव वस्तू समजतात. ती विषयवार आणि सत्रवार फोडून पाहिल्याशिवाय अर्ज कुठे करायचा, काय दाखवायचं, शिफारसपत्र कोणाकडे मागायचं, यांतलं काहीच नीट ठरत नाही.

गुणपत्रिका पुढ्यात घ्या आणि गुण नेमके कुठे गेले ते शोधा. स्ट्रक्चर्स आणि सर्व्हिसेसच्या लेखी पेपरांत केट्या लागल्या, पण तिसऱ्या वर्षापासून डिझाइनचे गुण चढत गेले आणि थिसिस उत्तम झाला, अशा विद्यार्थ्याची सरासरी आणि डिझाइनमध्ये कायम काठावर राहून इतिहास-सिद्धांताच्या पेपरांनी तारलेल्या विद्यार्थ्याची सरासरी तंतोतंत सारखी येऊ शकते. पहिल्याने डिझाइन-केंद्रित एम.आर्क.ला अर्ज करावा. त्याचं दुखणं त्या अभ्यासक्रमाच्या गाभ्यात नाही. दुसऱ्याने तिथेच अर्ज करण्याचा हट्ट धरला, तर समिती नेमकी त्याची कमकुवत बाजू तपासणार. त्याच्यासाठी वारसा-जतन, इतिहास किंवा नगरनियोजनाचं दार खरोखर उघडं असतं. कोलंबिया विद्यापीठात वारसा-जतनाचं शिक्षण 1964 पासून चालू आहे. वास्तुकलेत मागे पडलेल्यांची सोय म्हणून ते निघालेलं नाही. ज्याला बिल्डिंग सायन्समध्ये एम.एस. करायचं आहे, त्याचे मात्र स्ट्रक्चर्स आणि पर्यावरण-तंत्राचे गुणच आधी बघितले जातील. तिथे डिझाइनची चमक फार कामाला येत नाही.

या फोडीच्या आधी एक चूक टाळायला हवी. टक्क्यांना 25 ने भागून स्वतःच जीपीए काढणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. त्या हिशेबाने 60 टक्क्यांचे 2.4 होतात. अमेरिकेत 60 म्हणजे नापास होण्याच्या उंबरठ्यावर, आपल्याकडे तोच प्रथम वर्ग. म्हणून विद्यापीठाने रूपांतर मागितलं नसेल, तर गुण मूळ मापातच लिहावेत. मागितलं असेल, तर त्याने मान्य केलेल्या मूल्यांकन संस्थेकडून करून घ्यावं. कित्येकांनी स्वतःच स्वतःला या भागाकाराने आधी बाद केलेलं असतं.

पोर्टफोलिओच सर्वस्व आहे, हा आक्षेप अर्धा खरा आहे. डिझाइनच्या शाळांत निवड करणारे स्वतः स्टुडिओ शिकवतात, ज्युरीवर बसतात. त्यांना आकड्यापेक्षा प्लॅन आणि सेक्शन जास्त बोलके वाटतात. पण विभागाच्या वर विद्यापीठाची पदव्युत्तर शाखा असते आणि तिथे पुष्कळ ठिकाणी 4 पैकी 3.0 ही किमान अट असते. काही विद्यापीठांत विभाग अपवादाची शिफारस करू शकतो, काहींत नाही. हे पैसे भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला पत्र लिहून विचारावं. विचारल्याने कोणाचं नाव खराब होत नाही. भारतातही गेट परीक्षेवरून एनआयटींत एम.आर्क. किंवा एम.प्लॅन.ला जाताना खुल्या गटाला 60 टक्के किंवा 6.5 सीजीपीएची अट आहे. नियम जिथे पक्का असतो, तिथे कितीही देखणा पोर्टफोलिओ उघडला जात नाही. शिवाय शिष्यवृत्ती आणि असिस्टंटशिप वाटताना तोच आकडा पुन्हा वर येऊ शकतो.

मग पोर्टफोलिओने काय करायचं? गुणपत्रिकेने उभ्या केलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. बांधकाम-तंत्रात कमी गुण असतील तर भिंत, स्लॅब आणि पावसाळी पाण्याचा निचरा नीट सोडवलेला एक तरी डिटेल स्वतः काढून दाखवावा. तो पाहिल्यावर त्या पेपराचं वजन कमी होतं. इथे बहुतेक जण उलट करतात आणि गुणांची लाज रेंडरमागे लपवतात. संध्याकाळचं आभाळ, काचेत पडलेली झाडं, आणि सेक्शनचा पत्ता नाही. चार-पाच प्रकल्प पुरतात, पण त्यांत विचार कसा बदलत गेला हे कच्च्या रेखाटनांतून, फसलेल्या पर्यायांतून दिसलं पाहिजे. गटाने केलेल्या कामात आपला वाटा कोणता, हे त्याच पानावर लिहावं.

‘दोन-तीन वर्षं ऑफिसात काम केलं की जुने मार्क धुऊन निघतात,’ असंही सांगितलं जातं. वर्षांच्या संख्येने काही धुऊन निघत नाही. ऑफिसातली इमारत मुख्य वास्तुविशारदाची असते. तिचा सुंदर फोटो लावण्यापेक्षा तिच्यातला जिना, त्याची वर्किंग ड्रॉइंग्ज आणि साइटवर करावा लागलेला बदल, हे आपण केलं असेल तर ते दाखवावं, तेही ऑफिसची परवानगी घेऊन. लेखी विषय कच्चे असतील तर एनपीटीईएलचा एखादा अभ्यासक्रम देखरेखीखालच्या परीक्षेसह पूर्ण करावा. पदवीनंतरचा तो ताजा गुण जुन्या केटीशेजारी मांडता येतो. टाडाओ अँडो कुठल्या वास्तुकला महाविद्यालयात न शिकता 1995 साली प्रित्झ्कर पुरस्कारापर्यंत पोहोचले, हे उदाहरण मात्र इथे देऊ नये. त्यांनी प्रवेश मागितलाच नव्हता. आपण मागतो आहोत.

अर्जासोबतच्या निवेदनात गुणांचा उल्लेख दोन-तीन वाक्यांत संपवावा: काय झालं, कधी झालं, त्यानंतर काय बदललं. आजारपण किंवा घरची अडचण खरी असेल तर तशी लिहावी. शिक्षकांवर, विद्यापीठावर राग काढू नये. शिफारसपत्र नामवंताकडून घेण्यापेक्षा ज्यांनी आपल्याला आधी अडखळताना आणि मग सावरताना पाहिलं, त्या सरांकडून किंवा मॅडमकडून घ्यावं. गुण खालून वर का गेले, हे आपल्यापेक्षा त्यांच्या लेखणीतून आलेलं जास्त विश्वासार्ह ठरतं.

कमी गुणांच्या धास्तीने जिथे मिळेल तिथे प्रवेश घेणं, हा मला सगळ्यांत महाग धोका वाटतो. बी.आर्क. झालेल्यांना सहसा व्यावसायिक पदवीनंतरच्या छोट्या एम.आर्क.ला किंवा एम.एस.ला घेतात. या पदव्यांना नॅब (NAAB) या तिथल्या वास्तुशिक्षण-मान्यता मंडळाची मान्यता नसते, आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत वास्तुविशारदाचा परवाना मिळवण्याचा सरळ मार्ग नॅबमान्य पदवीतून जातो. तिथेच व्यवसाय करायचा असेल तर मान्यताप्राप्त लांब अभ्यासक्रमात वरच्या वर्षात प्रवेश मिळतो का, हे कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी विचारून घ्यावं.