गोदीपासून गोदामापर्यंत : स्वच्छ बंदरे आणि भिवंडी

बंदराचा धूर धक्क्यापाशी संपत नाही. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात उतरणारे कितीतरी कंटेनर रस्त्याने ५०-६० किलोमीटरवरील भिवंडी परिसरात येतात. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर आणि मुंबई-नाशिक महामार्गालगत असल्यामुळे माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे, वळ या गावांत गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये जकात गेली. गोदामांचा विस्तार मात्र वाढतच राहिला. म्हणूनच बंदर स्वच्छ करावयाचे तर गोदामापर्यंतच्या वाटेचाही विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

धक्क्यावरील धूर

धक्क्याला लागलेल्या जहाजाचे मुख्य इंजिन बंद असते. परंतु दिवे, पंप आणि शीतपेट्यांसाठी त्याची साहाय्यक इंजिने तेल जाळीतच असतात. त्यावर उपाय म्हणजे किनाऱ्यावरून वीजपुरवठा. स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदराने २००० सालीच उच्च दाबाच्या अशा पुरवठ्यास प्रारंभ केला. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची, तर अनेक मोठ्या जहाजांवरील यंत्रणा ६० आवर्तनांची असते. त्यामुळे खर्चिक परिवर्तक बसवावे लागतात. शिवाय वीज कोळशापासून निर्माण झालेली असेल, तर धूर केवळ गोदीतून वीजकेंद्राकडे हलतो. हे ध्यानी घेऊन केंद्र शासनाच्या २०२१ च्या सागरी आराखड्यात प्रमुख बंदरांतील ६० टक्के ऊर्जा २०३० पर्यंत अपारंपरिक स्रोतांपासून मिळविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

इंधनाचा पेच

१ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणण्यात आली. त्यामुळे हवेतील गंधक घटले, तरी कर्बवायूचा प्रश्न उरलाच. पर्यायी इंधनांपैकी मिथेनॉलला तेवढ्याच ऊर्जेसाठी दुपटीहून अधिक जागा लागते. अमोनियात कर्ब नाही, पण तो विषारी असल्यामुळे त्याची साठवण जोखमीची ठरते.

रस्ता, रेल्वे आणि खाडी

महामार्गावर डिझेलचे ट्रक रांगेत उभे राहतात, तेव्हा चालक आणि लगतच्या गावांतील रहिवासी यांना तो धूर सोसावा लागतो. २०२५ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरात बॅटरी बदलता येणारे विद्युत ट्रक दाखल झाले. बॅटरी बदलल्याने चार्जिंगचा वेळ वाचतो. तथापि एक-दोन ट्रक बाळगणाऱ्या मालकाला नव्या वाहनाची किंमत पेलणे कठीण आहे. त्याला सुलभ कर्ज आणि गोदामाजवळ चार्जिंगची सोय मिळाली, तरच हा बदल सर्वांपर्यंत पोहोचेल. गोदामांच्या विस्तीर्ण छपरांवरील सौरवीज यासाठी उपयोगी पडू शकते. ट्रकांना येण्याच्या वेळा नेमून दिल्यास रांगेत जळणारे डिझेलही वाचेल.

लांबच्या मालासाठी रेल्वे आहेच. शिवाय २०१६ च्या कायद्याने वसई खाडी व उल्हास नदीचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला आहे. एक तराफा अनेक ट्रकांचा माल वाहू शकतो. मात्र त्याआधी गाळ काढणे, धक्के बांधणे आणि पुलांखालील उंची तपासणे आवश्यक आहे.

भिवंडीला ही वाट अपरिचित नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर याच खाडीच्या आश्रयाने शिवाजी महाराजांच्या आरमाराचा पाया घातला गेला आणि ती गलबते वाऱ्यावर चालत. आज साधने बदलली आहेत. बंदर, गोदाममालक, वाहतूकदार आणि ग्रामपंचायती यांनी मिळून योजना आखल्यास न्हावाशेव्याच्या स्वच्छतेचा लाभ भिवंडीच्या हवेलाही मिळेल.